थुसिडिडीज हवा, आणि आपल्या शांतिसैनिकांच्या साक्षीही हव्यात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पदवी अभ्यासक्रमाबद्दल आपल्या दैनिकात सध्या पत्रव्यवहार चालू आहे. त्यात एका वाचकांनी विचारलं आहे की, सातारा-सांगलीकडच्या मुलांना प्राचीन ग्रीस शिकवून काय साधतं? त्या तासांना आंतरराष्ट्रीय संबंध, संयुक्त राष्ट्रं, शांतिसेना असं स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडेल ते शिकवावं, असं त्यांचं म्हणणं आहे. हेतू चांगला आहे. मुलाच्या नोकरीची काळजी असलेला कोणताही बाप असाच विचार करील. पण ग्रीक इतिहास एका कपाटात आणि शांतिसेना दुसऱ्या, ही वाटणीच मला मान्य नाही. कोरेगाव तालुक्यातल्या एका महाविद्यालयात मी आयुष्यभर इतिहास शिकवला. वर्गातली कितीतरी मुलं फौजी घरांतली असायची. कुणाचे वडील, कुणाचा चुलता शांतिसेनेची निळी टोपी घालून लेबनॉनला नाहीतर काँगोला जाऊन आलेला असायचा. त्याच मुलांना मी प्राचीन ग्रीक इतिहासकार थुसिडिडीज शिकवला, आणि तो त्यांना कधी परका वाटल्याचं मला आठवत नाही. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, पण काटछाट करताना मधली हकिकत गाळू नये, ही विनंती.

आधी एक साधी गोष्ट. ‘आंतरराष्ट्रीय राजकारण’ या विषयाचं जगातलं पहिलं अध्यासन 1919 मध्ये वेल्समधल्या ॲबरिस्टविथ इथं सुरू झालं. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि असा संहार पुन्हा होऊ नये म्हणून काय करता येईल, याचा अभ्यास व्हावा हा त्यामागचा उद्देश होता. तिथले पहिले प्राध्यापक आल्फ्रेड झिमर्न. त्यांचं नाव झालं होतं ते इ.स.पूर्व पाचव्या शतकातल्या अथेन्सवरच्या पुस्तकामुळे. म्हणजे पत्रलेखकांना जो ‘उपयोगी’ विषय हवा आहे, त्याच्या पहिल्या खुर्चीवर ग्रीसचा अभ्यासक बसला होता.

पण मला सांगायचं आहे ते इंग्रज इतिहासकार अर्नॉल्ड टॉयन्बी यांच्याबद्दल. आपल्याकडे टॉयन्बी म्हटलं की संस्कृतींच्या उदयास्ताचे बारा खंड आठवतात. 1960 मध्ये ते दिल्लीला आझाद स्मृती व्याख्यानं द्यायला आले होते, हेही जुन्या वाचकांच्या लक्षात असेल. मला त्या बारा खंडांतला सिद्धांत फारसा पटत नाही. त्यात नियम आधी ठरतो आणि पुरावे मागून गोळा होतात, असं मला वाटतं. माझ्या लेखी टॉयन्बींचं सगळ्यांत मोठं काम 1921 च्या उन्हाळ्यात तुर्कस्तानातल्या मार्मारा समुद्राच्या काठावर झालं. त्याविषयी मराठीत क्वचितच कुणी लिहितं.

टॉयन्बींचा जन्म 1889 चा. शिक्षण ऑक्सफर्डला, ग्रीक-लॅटिनमध्ये. 1911-12 मध्ये ते ग्रीसमध्ये पायी हिंडले. जुन्या नगरराज्यांच्या सीमा, खिंडी, रणांगणं पाहायची म्हणून निघालेला हा तरुण संध्याकाळी गावातल्या कॉफीच्या दुकानात बसायचा, आणि तिथले शेतकरी-मेंढपाळ युरोपच्या राजकारणावर तावातावानं बोलत असायचे. त्याच प्रवासात वाईट पाणी पिऊन त्यांना आमांश जडला. 1914 मध्ये युद्ध पेटलं, तेव्हा त्याच दुखण्यामुळे ते सैन्यात भरती होऊ शकले नाहीत. त्यांच्या बरोबरीच्या मुलांपैकी जवळजवळ निम्मे रणांगणावर गेले ते परत आले नाहीत. टॉयन्बी हे उभ्या जन्मात विसरले नाहीत. आपण वाचलो आहोत तर त्याची काही परतफेड केली पाहिजे, ही भावना त्यांच्या लिखाणात पुन्हा पुन्हा येते.

तेव्हा ते बॅलिअल कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवत होते. 1914 साली वर्गात थुसिडिडीज समजावून देताना त्यांना एकाएकी जाणवलं की, आपण आज जे अनुभवतो आहोत त्यातून हा माणूस आपल्याआधीच गेलेला आहे. चोवीसशे वर्षांचं अंतर असेल, पण अनुभवाच्या हिशेबानं थुसिडिडीजच पुढे आहे आणि आपण मागून त्याच वाटेनं चाललो आहोत.

थुसिडिडीज कोण, हे नव्या वाचकांसाठी सांगते. अथेन्सचा सेनापती, आणि अथेन्स-स्पार्टा युद्धाचा इतिहास लिहिणारा. त्याच युद्धात इ.स.पूर्व 424 मध्ये ॲम्फिपोलिस हे शहर वाचवायला तो वेळेवर पोहोचला नाही, म्हणून अथेन्सनं त्याला वीस वर्षं हद्दपार केलं. तो स्वतः लिहितो की, या हद्दपारीमुळे मला युद्ध दोन्ही बाजूंनी पाहता आलं. आणि साक्षीपुराव्याबद्दल तो जे म्हणतो ते मी दरवर्षी फळ्यावर लिहीत असे: एकाच प्रसंगाला हजर असलेली माणसंही एकसारखं सांगत नाहीत, कुणाचा ओढा या बाजूला असतो, कुणाचा त्या, आणि कुणाला नीट आठवत नाही. म्हणून ताडून पाहावं लागतं, आणि ते कष्टाचं काम आहे.

हे कष्टाचं काम टॉयन्बींच्या वाट्याला प्रत्यक्ष आलं. 1919 मध्ये ते पॅरिसच्या शांतता परिषदेत ब्रिटिश शिष्टमंडळासोबत होते. त्याच वर्षी लंडनच्या किंग्ज कॉलेजात आधुनिक ग्रीक आणि बायझंटाईन इतिहासाचं नवं अध्यासन निघालं, त्यावर त्यांची नेमणूक झाली. या अध्यासनाचा पैसा श्रीमंत ग्रीक देणगीदारांचा होता. टॉयन्बी ग्रीकांचे मित्र समजले जात. तुर्कांविरुद्ध तर त्यांनी युद्धकाळात भरपूर लिहिलं होतं. आर्मेनियन लोकांच्या कत्तलीच्या साक्षी गोळा करून 1916 मध्ये ब्रिटिश सरकारनं जो ग्रंथ काढला, त्याचं संपादन त्यांचंच.

1919 च्या मे महिन्यात ग्रीक सैन्य स्मर्ना बंदरात, म्हणजे आजच्या इझमिरमध्ये उतरलं होतं आणि आनातोलियात, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागात, ग्रीक-तुर्क युद्ध चालू होतं. 1921 च्या आरंभी टॉयन्बी ‘मँचेस्टर गार्डियन’चे वार्ताहर म्हणून तिथे गेले. आधी ग्रीक सैन्याबरोबर हिंडले, इनोन्यूच्या लढाईनंतरची ग्रीकांची माघार पाहिली. मे महिन्यात यालोवा-गेमलिकच्या बाजूनं बातम्या येऊ लागल्या की, तिथली तुर्की गावं जाळली जात आहेत. टॉयन्बी आणि त्यांच्या पत्नी रोझलिंड दोघंही निघाले. या रोझलिंड गिल्बर्ट मरे यांच्या कन्या. ऑक्सफर्डला ग्रीकचे प्राध्यापक असलेले मरे पुढे ब्रिटनमधल्या राष्ट्रसंघ समर्थक संघटनेचे अध्यक्ष झाले. (राष्ट्रसंघ म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर निघालेली, संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संस्था.) घरातच ग्रीक नाटककार युरिपिडीज आणि राष्ट्रसंघ एकत्र नांदत होते.

तांबड्या चंद्रकोरीच्या, म्हणजे तुर्कांच्या रेडक्रॉससारख्या संस्थेच्या, ‘गुल-इ-निहाल’ नावाच्या जहाजावरून हे दोघं त्या किनाऱ्यावर गेले. जळलेली घरं पाहिली. किनाऱ्याला येऊन अडकलेल्या तुर्की बायामुलांना जहाजावर घेऊन इस्तंबूलला पोहोचवण्याच्या कामात ते हातभार लावू लागले. ग्रीक अधिकारी समोर, त्यांच्याशी वाद घालायचा, परवानगी मिळवायची, माणसं चढवायची, असे दिवस गेले. टॉयन्बींच्या हातात शस्त्र नव्हतं, अधिकार नव्हता. मँचेस्टरच्या एका वृत्तपत्राच्या माणसासमोर आणि त्याच्या बायकोसमोर काही गोष्टी करायला तिथल्या लोकांना अवघड जातं, एवढंच त्यांचं बळ होतं. त्याच सुमारास ब्रिटिश, फ्रेंच आणि इटालियन अधिकाऱ्यांचं एक चौकशी मंडळही त्या भागात फिरलं. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे मॉरिस गेह्री त्यांच्याबरोबर होते. ग्रीक बाजूकडून तुर्की गावं पद्धतशीर जाळली जात आहेत, हाच त्यांचाही निष्कर्ष निघाला.

टॉयन्बींनी जे पाहिलं ते छापलं. ‘द वेस्टर्न क्वेश्चन इन ग्रीस अँड टर्की’ हे त्यांचं पुस्तक 1922 मध्ये निघालं. तुर्कांनी ग्रीकांवर केलेले अत्याचारही त्यात आहेत. दोन्ही हिशेब आहेत. त्यांचा मुख्य आरोप तर पाश्चात्त्य सत्तांवर आहे: दुसऱ्यांच्या जमिनीवर आपले डाव खेळायचे, आणि आग लागली की स्थानिक लोकांच्या ‘रानटीपणा’कडे बोट दाखवायचं. पण ज्यांच्या पैशावर अध्यासन उभं होतं, ते ग्रीक देणगीदार खवळले. वाद वाढला आणि 1924 मध्ये टॉयन्बींना ती खुर्ची सोडावी लागली. पस्तिशीतला, मुलंबाळं असलेला माणूस स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं खरं लिहिल्यामुळे प्राध्यापकी गमावून बसला. आपल्याच बाजूच्या माणसांविरुद्ध साक्ष देणं म्हणजे काय, हे मला मुलांना सांगायचं असे तेव्हा मी पुराणातलं उदाहरण देत नसे, हे देत असे.

याच मुक्कामाहून परततानाची एक हकिकत मला फार आवडते. 17 सप्टेंबर 1921. इस्तंबूलहून लंडनकडे जाणारी आगगाडी बल्गेरियातून चालली होती. खिडकीतून त्यांना कोल्ह्याच्या कातड्याच्या टोप्या घातलेले शेतकरी दिसले. इराणचा प्राचीन सम्राट झेर्क्सिस याच्या फौजेतल्या थ्रेसी सैनिकांच्या डोक्यावर ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं नेमक्या अशाच टोप्या वर्णिल्या आहेत. त्या रात्री टॉयन्बींनी अर्ध्या कागदावर दहा-बारा मथळे उतरवले, आणि तोच त्या बारा खंडांचा आराखडा ठरला. सिद्धांत मला पटत नाही म्हणून आधीच सांगितलं. पण जळलेली गावं पाहून परतणाऱ्या माणसाला आगगाडीच्या खिडकीतून हिरोडोटस दिसावा, हे वाचताना मला दरवेळी भरून येतं.

पुढे टॉयन्बींनी लंडनच्या चॅटम हाउस या संस्थेत तीन दशकं काम केलं. दरवर्षी जगात कुठं काय झालं, कोणता तंटा कसा मिटला किंवा का मिटला नाही, याचा जाडजूड अहवाल काढायचा, हे त्यांचं काम. दुसरं महायुद्ध संपल्यावर 1946 च्या पॅरिस परिषदेतही ते होते. सगळंच त्यांना अचूक दिसलं असं नाही. 1936 मध्ये बर्लिनला हिटलरला भेटून आले, तेव्हा याला खरोखर शांतता हवी आहे असं त्यांचं मत झालं होतं. यालोव्यात ते जळलेल्या घरांपर्यंत चालत गेले होते, बर्लिनमध्ये फक्त समोरच्या माणसाचं भाषण ऐकलं. माझ्या मते दोन्हींमधला फरक तिथेच आहे.

आता प्राचीन ग्रीस आणि शांतिसेना यांचा प्रत्यक्ष संबंध काय, ते सांगते. इ.स.पूर्व 433 मध्ये कॉर्सिरा, म्हणजे आजचं कॉर्फू बेट, आणि कॉरिंथ यांचं भांडण पेटलं. कॉर्सिरानं आधी लवाद नेमायची तयारी दाखवली होती, पण ते जमलं नाही. मग अथेन्सनं कॉर्सिराच्या मदतीला फक्त दहा जहाजं पाठवली. सोबत हुकूम असा की, कॉरिंथचे लोक कॉर्सिरावर चाल करून तिथे उतरू लागले तरच लढायचं, एरवी हात उचलायचा नाही. अथेन्स तटस्थ नव्हतं, हे खरं. कॉर्सिराशी त्याचा संरक्षणाचा तह होता. पण त्या दहा जहाजांवरच्या माणसांची अवस्था बघा. समोर लढाई जुंपली आहे, आपण थोडे आहोत, आणि हुकुमाचा अर्थ क्षणाक्षणाला बदलतो आहे. शेवटी ती जहाजं लढाईत ओढली गेलीच. 1995 च्या जुलैमध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात संयुक्त राष्ट्रांच्या डच तुकडीसमोर हाच पेच होता. ती तुकडी थांबली, आणि जवळजवळ आठ हजार पुरुष आणि मुलगे मारले गेले. हुकूम, संख्या आणि समोरचं वास्तव यांचा मेळ नसेल तर काय होतं, हे शिकवायला दुसरं कोणतं प्रकरण मी शोधू?

त्याच कॉर्फूवर 1923 मध्ये इटलीनं तोफा डागल्या. जुन्या किल्ल्यात आश्रय घेतलेले निर्वासित त्यात मेले. ग्रीसनं राष्ट्रसंघाकडे दाद मागितली, पण प्रकरण बड्या विजयी राष्ट्रांच्या राजदूतांच्या परिषदेकडे वळवण्यात आलं आणि ग्रीसलाच पाच कोटी लिरा भराव्या लागल्या. दोन वर्षांनी ग्रीस-बल्गेरिया सीमेवर चकमक झाली, ग्रीक सैन्य बल्गेरियात घुसलं. या वेळी राष्ट्रसंघानं काही दिवसांत लढाई थांबवली, लष्करी निरीक्षक जागेवर धाडले आणि ग्रीसला नुकसानभरपाई द्यायला लावली. मोठी सत्ता दोषी असली की संस्था लुळी पडते आणि लहान देश दोषी असला की तिला बळ येतं. बलाढ्य अथेन्स आणि दुबळं मेलोस बेट यांच्या बोलाचालीत थुसिडिडीजनं हेच लिहून ठेवलं आहे.

संयुक्त राष्ट्रांची निःशस्त्र निरीक्षक मंडळं 1948 पासून कामाला लागली, 1956 मध्ये सुएझच्या वेळी पहिलं सशस्त्र शांतिदल उभं राहिलं. भारत त्यात पहिल्यापासून आहे. 1964 मध्ये सायप्रसमध्ये ग्रीक आणि तुर्की सायप्रसवासीयांच्या मध्ये शांतिदल उभं राहिलं. टॉयन्बींनी 1921 मध्ये पाहिलेलं वैरच तिथे बेटावर नांदत होतं. त्या दलाचे पहिले प्रमुख जनरल पी. एस. ग्यानी भारतीय. त्याच वर्षी त्यांच्यानंतर आले जनरल थिमय्या, आणि 18 डिसेंबर 1965 रोजी सायप्रसमध्येच त्यांचा मृत्यू झाला. सायप्रसनं त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढलं. 1974 मध्ये तुर्की फौजा उतरल्या तेव्हा जनरल प्रेम चंद प्रमुख होते, आणि निकोसियाचा विमानतळ शांतिदलानं आपल्या ताब्यात घेऊन धरून ठेवला. टॉयन्बी तेव्हा हयात होते. पुढच्याच वर्षी ते गेले. आजवर अडीच लाखांहून अधिक भारतीय जवानांनी ही निळी टोपी घातली आहे.

अशांपैकीच माझा एक विद्यार्थी. सुभेदार म्हणून निवृत्त झाला. काँगोच्या पूर्व भागात, गोमाच्या परिसरात त्याची पलटण होती. गोळी झाडायची वेळ क्वचित यायची, असं तो सांगतो. पण बाजाराच्या दिवशी आपली गाडी रस्त्यावर उभी असली की बाया सरपणाला, बाजाराला बाहेर पडायच्या; गाडी नसली की रस्ता ओस. गोळी कधी चालवायची, कधी नाही, याचा कागद सगळ्यांना तोंडपाठ होता, आणि प्रत्यक्ष अंधारात तो कागद उपयोगी पडायचा नाही. रोजचा अहवाल वर जायचा. त्याखेरीज त्यानं स्वतःसाठी मराठीत एक वही लिहिली. ती त्यानं मला वाचायला दिली. एका रात्री दोन वस्त्यांमध्ये मारामारी झाली, जाळपोळ झाली. वहीत डाव्या पानावर एका वस्तीतल्या लोकांनी सांगितलेलं आहे, उजव्या पानावर दुसऱ्या वस्तीचं. खाली त्यानं सकाळी स्वतः पाहिलेली घरं मोजून लिहिली आहेत. कुणाचं खरं, यावर एक शब्द नाही. मी वर्गात त्याला थुसिडिडीज शिकवला होता म्हणून हे घडलं, असा दावा मी करणार नाही. पण पत्रलेखकांनी ही वही पाहिली असती, तर उपयोगी आणि निरुपयोगी इतिहास वेगळा काढायला ते धजले नसते.

म्हणून माझी एक सूचना आहे. प्राचीन ग्रीसचे तास राहू द्या, शांतिसेनाही शिकवा, आणि दोन्ही एकाच प्रात्यक्षिकात आणा. आपल्या जिल्ह्यात शांतिसेनेतून आलेले किती तरी सैनिक आहेत, त्यांतले साठ-सत्तरीचे झपाट्यानं कमी होत चालले आहेत. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात, त्यांच्याच बोलीत. लष्कराच्या गोपनीयतेत येणारं काही विचारू नये; रस्त्यावर काय दिसलं, लोक काय म्हणाले, कोणत्या हुकुमानं हात बांधले गेले, हे विचारावं. एकाच मोहिमेवरच्या दोघा-तिघांना वेगवेगळं विचारून ताडून पाहावं. तृतीय वर्षाच्या मुलांना प्रकल्प म्हणून हेच द्यावं, आणि आधी थुसिडिडीजची साक्षीपुराव्याबद्दलची ती दोन पानं वाचून घ्यावीत. नावं मिळवायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत होईल. मुद्रणं आणि उतारे महाविद्यालयाच्या ग्रंथालयात सर्वांसाठी खुले ठेवावेत.

कोणी हे काम हाती घेणार असेल, तर मुद्रणं ऐकून कागदावर उतरवण्याचं काम मी विनामूल्य करीन. फौजी बोली आणि सातारी बोली दोन्ही मला कळतात. सुभेदारांच्या वहीची छायाप्रत देण्याची परवानगी मी त्यांच्याकडून घेऊन ठेवली आहे. संपर्कासाठी माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे आहे.

आपली,
एक निवृत्त इतिहास प्राध्यापिका
कोरेगाव, जि. सातारा